कोंदाने आणि ठपका

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



गणपतीत फ्रेंच कशाला, असं तुम्ही विचाराल. आम्ही तिघं कचेरी सुटल्यावर दोन वर्षं ही भाषा शिकतोय आणि एका क्रियापदापाशी अडकलोय. कोंदाने. (लिहिताना त्यात म असतो, बोलताना गिळतात.) न्यायाधीश शिक्षा सुनावतो, ते कोंदाने. मंत्री एखाद्या हल्ल्याचा निषेध करतो, तेही कोंदाने. डॉक्टरांनी आशा सोडलेला रोगी आणि कायमचं बंद करून टाकलेलं दार, यांनाही तोच शब्द लागतो. आपल्याकडे शिक्षा वेगळी, निषेध वेगळा. तिथे कोर्ट आणि कट्टा एकाच शब्दात बोलतात.

दुसरा शब्द ब्लाम. बोलण्यात नुसता दोष देणं, पण फ्रेंच सरकारी नोकराला ती रीतसर शिक्षा आहे, ताकिदीच्या वरची पायरी. फायलीत नोंद होते आणि तीन वर्षांत दुसरी शिक्षा झाली नाही तर पुसली जाते. वाचून आम्ही हसलो, हा तर आपला ठपका! इथे इंदूरला कागदावर परिनिंदा लिहितात, पण घरी येऊन सांगताना मराठी माणूस ठपकाच म्हणतो.

खरं अडलो ते पुढे. न्यायदंडाधिकाऱ्याने ज्याची चौकशी सुरू केली, त्याला फ्रेंच कायदा पूर्वी अँक्युल्पे म्हणायचा. त्या शब्दाच्या पोटात लॅटिन कुल्पा आहे, म्हणजे दोष. खटला उभा राहण्याआधीच माणूस दोषी! १९९३ च्या कायद्याने तो शब्द काढला आणि ‘तपासाखाली असलेला’ अशा अर्थाचा नवा आणला. लोकांनी त्यालाही जुनाच वास लावला, ते सोडा. निदान कायद्याला लाज वाटली.

आमच्या एका सहकाऱ्यावर लाचेचं प्रकरण झालं होतं. निकालाला सहा वर्षं लागली. कोर्टाच्या कागदावर तो शेवटपर्यंत आरोपीच होता. आम्ही मात्र पहिल्या आठवड्यापासून त्याला ‘लाचवाला’ म्हणायला लागलो. आरतीला यायचा, मागे उभा राहायचा, प्रसाद घेऊन निघून जायचा. बस म्हणून कुणी म्हटलं नाही, आम्हीही नाही.

तो निर्दोष सुटला तेव्हा आम्ही पेढे घेऊन त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा केला. त्याने पेढ्यांचा पुडा आतल्या खोलीत नेऊन ठेवला, उघडला नाही.