गाडी अडली तर जोर लावू नका

(हुपरी येथील कार्यकर्ता शिबिरात टाइपरायटरच्या दुरुस्तीवर केलेलं बोलणं. गावोगावच्या साथींनी मागितलं म्हणून छापत आहोत.)



हे पत्रक तुमच्या हातात येतं ते एका जुन्या टाइपरायटरमुळे. त्यावर आम्ही स्टेन्सिल कापतो, मग सायक्लोस्टाइलवर प्रती काढतो. यंदा पावसाळ्यानंतर त्याची गाडी अडायला लागली. गाडी म्हणजे रोलरसकट डावीकडे सरकणारा वरचा भाग. ती सरकली नाही की अक्षरावर अक्षर बसतं. स्टेन्सिलवर तर एकाच जागी दोन घाव पडून भोक होतं, आणि प्रत्येक प्रतीवर शाईचा डाग उमटतो.

ही बाब लहान वाटेल. पण एका आजोबांच्या वनहक्क दाव्याच्या कागदात कंपार्टमेंट नंबरचे दोन अंक एकमेकांवर बसले. कागद परत आला. आजोबांची मजुरी बुडाली, तालुक्याला दुसरा हेलपाटा पडला. चूक आमची होती. 2006 च्या कायद्याप्रमाणे दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. मग ग्रामसभेचा कागद स्वच्छ निघतो की नाही, हे आपणच बघायला हवं.

तालुक्याला हे यंत्र दुरुस्त करणारा आता कुणी राहिला नाही. गोदरेजने 1955 साली आपल्याकडे टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, ते बनणंही थांबलं. म्हणून शिबिराला येताना यंत्र डोक्यावर घेऊन आलो. हुपरी हे चांदीचं गाव. पैंजणाच्या बारीक कड्या जुळवणारे हात इथं घरोघर आहेत. इथल्या एका कारागीर साथीने यंत्र उघडलं, वास घेतला आणि विचारलं, “खोबरेल कुणी घातलं?”

आम्हीच घातलं होतं! खोबरेल थंडीत गोठतं, धूळ धरतं, चिकट होतं.

त्यांनी शिकवलं ते असं:

१. आधी नीट बघा. मार्जिनचे थांबे सरकलेत का? मराठी यंत्रात मात्रा-उकाराच्या काही कळा गाडी सरकवतच नाहीत, तो बिघाड नव्हे. गाडी दर वेळी एकाच जागी अडते, तर तिथं कागदाचा कपटा असेल किंवा एखादा दाता वाकला असेल. सगळीकडे जड जाते, तर रुळावर चिकटा आहे. ओळीच्या शेवटाला सुस्तावते, तर स्प्रिंग ढिली पडली आहे.

२. गाडी मोकळी करणारा खटका दाबा आणि हात धरून तिला डावीकडे जाऊ द्या. आपसूक सरळ गेली, पण कळ मारल्यावर अडली, तर दोष एकेक घर पुढे सोडणाऱ्या दात्यांत आहे.

३. मागच्या बाजूला स्प्रिंगचा डबा असतो. त्याची दोरी किंवा पट्टी गाडीला ओढते. ती निसटली किंवा तुटली का बघा. गळाची मजबूत दोरी चालते. पण दोरी सोडवताना डबा घट्ट धरा. स्प्रिंग भर्रकन सुटली तर बोट फाडते. ताण वाढवायचा तर अर्धा फेरा द्या आणि बघा. जास्त पिळू नका.

४. रूळ आणि दाते जुन्या दातब्रशाने, थोड्या रॉकेलने धुवा. चूल, दिवा, विडी लांब ठेवा. रोलरच्या रबराला रॉकेल लागू देऊ नका. मग फडक्याने कोरडं पुसा. रुळावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या. दात्यांत आणि अक्षरांच्या काड्यांत तेल नको.

आम्ही विचारलं, तुम्ही चांदी रिठ्याच्या पाण्यात धुता, तसं हे धुवावं का? ते हसले. “चांदीला चालतं. हे लोखंड आहे, गंजेल.”

एका दुपारात काम झालं. आमच्या यंत्रात मोडलेलं काहीच नव्हतं. रुळावर आमच्याच तेलाचा चिकटा होता, आणि अडली म्हणून आम्ही गाडी ढकलत होतो. तसंच ढकलत राहिलो असतो तर दाते गेले असते, आणि त्या दात्यांना बदली मिळणं कठीण.

आता प्रत्येक गावातून एक मुलगा, एक मुलगी पुढे या. पुढच्या बैठकीला यंत्र घेऊन येतो, उघडून दाखवतो. त्या आजोबांचा कागद आम्ही पुन्हा टाइप केला. नंबर स्वच्छ वाचता येतो.

कागद आपला, यंत्र आपलं, दुरुस्तीही आपलीच.

जिंदाबाद!