फांशीचा दोर आणि गरिबाचा गळा

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



खुनासारख्या घोर अपराधाला फांशीची शिक्षा असावी कीं नसावी, हा आजचा विषय आहे. पुष्कळांना वाटेल कीं यांत बोलण्यासारखें आहे काय? ज्यानें दुसऱ्याचें घर उजाड केलें, त्याला सरकारनें तुरुंगांत बसवून भाकरी कां घालावी? हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. जिचें लेंकरूं मारलें गेलें, त्या आईचा संताप खोटा नसतो. परंतु दोर वळण्यापूर्वीं तो कोणाच्या गळ्यांत पडतो, हें आपण पाहिलें पाहिजे.

नाशिक जिल्ह्यांतली एक हकीकत ऐका. सन २००३ च्या जून महिन्यांत रात्रीं दरोडेखोर एका बागेंतील झोपडींत शिरले. झोपडी कष्टकऱ्यांची. त्यांनीं पांच जीव घेतले आणि एका कोंवळ्या मुलीची अब्रूही घेतली. घरची बाई जखमी होऊन वांचली. पुढें पोलिसांनीं भटक्या जमातीचे सहा मजूर धरले. २००६ सालीं सेशन कोर्टानें सहाहि जणांस फांशी सांगितली. २००७ सालीं हायकोर्टानें तिघांची फांशी कायम ठेवून तिघांस जन्मठेप दिली. २००९ सालीं सुप्रीम कोर्टानें त्या तिघांनाहि पुन्हां फांशीच दिली. त्या वेळीं देशांतील पुष्कळ लोक म्हणाले असतील, बरें झालें, न्याय झाला!

पण मार्च २०१९ मध्यें त्याच सुप्रीम कोर्टानें फेरविचार करून सहाहि जणांस निर्दोष ठरविलें. कां? वांचलेल्या बाईनें गुन्ह्यानंतर दोन दिवसांनीं पोलिसांच्या दप्तरांतील फोटो पाहून चार निराळ्याच इसमांना ओळखलें होतें. त्या चौघांचा तपासच कोणीं केला नाहीं. या सहा मजुरांचीं सोळा वर्षें तुरुंगांत गेलीं. त्यांतला एकजण गुन्ह्याच्या वेळीं अठरा वर्षांचाहि नव्हता. कोर्टानें प्रत्येकास पांच लाख रुपये देण्याचा हुकूम सरकारास केला आणि तपासांत कसूर करणाऱ्या अंमलदारांवर कारवाई करण्यास सांगितलें.

आतां विचार करा. हे सहा जण २०१० सालींच फासावर गेले असते, तर २०१९ सालचा निकाल कोणाला वाचून दाखविला असता? ते पांच लाख रुपये कोणाच्या हातावर ठेवले असते? कुंभाराचें कच्चें मडकें वांकडें झालें, तर माती पुन्हां चाकावर घालतां येते. आव्यांतून भाजून निघालें कीं उपाय सरला. तुरुंगांतल्या माणसाचीं गेलेलीं वर्षें भरून येत नाहींत हें खरें, पण निदान माणूस तरी घरीं येतो.

आणि त्या बाईला तरी काय मिळालें? तिचीं माणसें मारणारे कोण, हें शोधण्याचे दिवस भलत्यांच्या मागें गेले. चुकीच्या गळ्यांत पडलेला दोर खऱ्या गुन्हेगाराला मोकळें रान देतो. ज्यांना मेलेल्यांबद्दल कळवळा आहे, त्यांनीं आधीं चोख तपास मागावा.

अशी चूक गरिबावरच कां कोसळते? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत देहदंडाच्या ठिकाणीं ब्राह्मणाचें मुंडन करावें आणि इतरांस मात्र देहदंडच द्यावा, असा उघड भेद सांगितला आहे. आजचा कायदा सर्वांना सारखा आहे. परंतु वकील सारखा नाहीं, ओळख सारखी नाहीं, गांठीचा पैसा सारखा नाहीं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठानें २०१६ सालीं फांशीच्या कैद्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत दर चार कैद्यांत सुमारें तीन कैदी गरीब परिस्थितीचे आढळले, आणि जवळजवळ तितकेच मागास जातींचे किंवा अल्पसंख्य धर्मांचे आढळले. श्रीमंताच्या घरीं गुन्हे होत नाहींत असा याचा अर्थ नव्हे. ज्याच्यासाठीं झगडणारा कोणी नाहीं, तो शेवटच्या पायरीपर्यंत ढकलला जातो, एवढाच त्याचा अर्थ.

कोणी म्हणतील, धाक राहणार नाहीं. पण दरोडा घालणारा शिक्षेचा हिशेब मांडून निघत नाहीं; आपण सांपडणारच नाहीं, या भरंवशावर तो निघतो. त्याला धाक बसतो तो सांपडण्याचा. जन्मठेपेपेक्षां फांशीनें अधिक जरब बसत नाहीं, असें विधि आयोगानेंहि २०१५ सालच्या अहवालांत म्हटलें, आणि दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध एवढे गुन्हे सोडून बाकी सर्व गुन्ह्यांची फांशी काढावी अशी शिफारस केली.

हा विचार परका नाहीं. घटना समितींत ३ जून १९४९ रोजीं फांशीच्या अपिलांची चर्चा चालली असतां, त्यापेक्षां ही शिक्षाच रद्द करणें आपणांस अधिक पसंत आहे, असें डॉ. आंबेडकरांनीं सांगितलें. कायदाहि हळूहळू त्याच वाटेनें चालला आहे. १९५५ पर्यंत खुनाच्या खटल्यांत फांशी कां दिली नाहीं, याचें कारण न्यायाधीशाला लिहावें लागे. १९७३ च्या कायद्यानें फांशी कां दिली, याचें खास कारण लिहिणें भाग पडलें. १९८० सालीं सुप्रीम कोर्टानें ही शिक्षा दुर्मिळांतल्या दुर्मिळ खटल्यापुरतीच ठेवली. तरीहि २००९ सालीं ते सहा जण तिच्या तावडींत सांपडलेच. म्हणून माझें म्हणणें, दोर आंखूड करून भागणार नाहीं, तो काढूनच टाकावा. घोर अपराध्याला जन्मभर कोंडा, परंतु चूक सुधारण्याची वाट मोकळी ठेवा.

आणि एक काम आपल्या हातचें आहे. न वाचलेल्या पंचनाम्यावर अंगठा देऊं नका. बांधाच्या वैरापायीं खोटी साक्ष देऊं नका. गांवांत परका, भटका दिसला म्हणून त्याच्याकडे बोट दाखवूं नका. चावडीवर फांशी द्या, फांशी द्या असा गलका उठला, तर एकानें तरी उठून विचारावें: बाबांनो, माणूस तोच आहे ना?