नव्या कुंडीला जुनेपण



कुंभाराच्या आव्यातून नुकतीच निघालेली कुंडी तुम्ही पाहिली असेल. लालबुंद, कोरी, कुठे डाग नाही की ओरखडा नाही. अशा पाच-सहा कुंड्या ओळीने मांडल्या, की शाळेच्या पहिल्या दिवशी नवे गणवेश घालून उभ्या केलेल्या मुलांसारख्या दिसतात. त्यात वाईट काहीच नाही. पण त्याच कुंड्या एखाद्या जुन्या दगडी पायरीशी किंवा वर्षानुवर्षे चुना खाल्लेल्या तुळशी वृंदावनाशेजारी ठेवून पाहा. डोळ्याला खुपतात. मग आपल्याला वाटते, यांना थोडा जुना रंग देता आला तर? तो कसा द्यावा, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे कसा देऊ नये, हे आज सांगावयाचे आहे.

कसा देऊ नये, ते आधी सांगते. कारण ते मी स्वतः करून बसले आहे. आमचा वाडा पाडून त्या जागी इमारत उभी राहिली आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. सामान हलवताना सासूबाईंच्या सगळ्या जुन्या कुंड्या फुटल्या. एक तेवढी तुळशीची वाचली, तीही काठाला तडकलेली. मी हौसेने नव्या कुंड्या आणून गॅलरीत मांडल्या. सासूबाई आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “छान आहेत. पण हे कुणाच्या घरचं वाटतंय गं?” तो प्रश्न माझ्या मनाला लागला.

घरात ऑइलपेंटचा उरलेला डबा होता. मी कुंड्यांना आतून-बाहेरून दोन हात दिले आणि वरून स्पंजने तपकिरी ठिपके उठवले. दिवाळीला आलेल्या पाहुण्यांनी वाहवा केली. पुढच्या पावसाळ्यात मात्र त्या रंगाला फोड आले. फोड फुटून रंगाचे पापुद्रे लोंबू लागले. आणि मोगरा, जो वाड्यात दहा वर्षे फुलत होता, तो पिवळा पडून गेला. उपटून पाहिला तर मुळे काळी आणि चिकट झाली होती.

घराला रंग देणाऱ्या कारागिराला मी ते दाखवले. तो हसून म्हणाला, “बाई, ओल मारणाऱ्या भिंतीवर कधी ऑइलपेंट टिकला आहे का? कुंडी म्हणजे तर बारा महिने ओली भिंत!” सगळे शास्त्र त्या एका वाक्यात आले. आपण ते थोडे उलगडून पाहू.

साधी कुंडी आठशे अंशांच्या आसपासच्या आचेवर भाजलेली असते. एवढ्या आचेला माती पक्की होते. पण चिनीमातीसारखी काच होऊन मिटत नाही. तिच्या अंगात बारीक छिद्रे राहतात. आपण झाडाला पाणी घालतो, त्यातले थोडे या छिद्रांतून बाहेर झिरपते आणि वाऱ्याने उडून जाते. माठातले पाणी गार का होते, त्याचेच हे कारण. पाण्याबरोबर त्यात विरघळलेले क्षारही बाहेर येतात. पाणी उडते, क्षार मागे राहतात. जुन्या कुंडीवर जो पांढरा लोणा दिसतो, तो हाच. आता बाहेरून ऑइलपेंट दिला तर पाणी आणि क्षार रंगाच्या पाठीमागे अडकतात आणि त्याला ढकलून फोड आणतात. आतूनही दिला, तर मग कुंडी आणि पत्र्याचा डबा यांत फरक तो काय? आपल्या पाणी घालण्याची सवय मातीच्या कुंडीची. कुंडी झाली डबा. मुळे कुजणार नाहीत तर काय होणार?

तेव्हा पहिला नियम असा: कुंडीला जो रंग द्यावयाचा, तो पाण्याची वाफ जाऊ देणारा हवा. आणि असा रंग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो म्हणजे चुना. त्याच्या जोडीला गेरू, पिवडी आणि नीळ.

जुनेपण म्हणजे तरी काय, हे त्या तुळशी वृंदावनाकडे पाहिले की कळते. दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी त्याला हात फिरतो. एका वर्षी पांढरा चुना, एका वर्षी निळीचा, एका वर्षी गेरूचा. कुठे वरचा थर झिजतो आणि खालचा डोकावतो. आपण ज्याला जुना रंग म्हणतो, तो एकच रंग नसतो. एकावर एक बसलेले आणि कमी-अधिक झिजलेले ते थर असतात. आपल्याला तेच करावयाचे आहे. फक्त दहा वर्षांचे काम आठवड्यात.

कुंडी घेताना बोटाच्या पेराने वाजवून घ्या. खणखणीत आवाज आला तर ती नीट भाजलेली. बद्द आवाज आला तर कच्ची किंवा तडकलेली. तळाचे भोक मोकळे आहे ना, तेही पाहा. घरी आणल्यावर कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी काथ्याने घासून धुवा आणि पाणी निथळू द्या. रंग लावताना ती दमट हवी, ओलीचिंब नको. कोरडी कुंडी चुन्यातले पाणी क्षणात शोषून घेते. मग चुना धरत नाही, हाताला भुकटी लागते.

आता चुना. कळीचा चुना घरी भिजवण्यापेक्षा दुकानातून भिजवलेलाच आणावा, असे माझे सांगणे आहे. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळ्या फुटतात. तो भिजवावयाचाच असेल तर पुष्कळ पाण्यात थोडा थोडा सोडावा. चुन्यावर पाणी ओतू नये. मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये. आणि भिजवलेला असो की कळीचा, डोळ्यावर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. चुना डोळ्यात उडाला तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टरकडे जावे. यात हयगय करू नये.

दह्यासारखा घट्ट भिजवलेला चुना एक वाटी घेतला तर साधारण तीन वाट्या पाणी घालावे आणि फडक्यातून गाळावे. दुधाइतका पातळ झाला पाहिजे. इथे बहुतेकांची चूक होते. पातळ चुना लावला की काहीच दिसत नाही, कुंडी लालच राहते. म्हणून माणूस घाबरून दाट लावतो. दाट चुना वाळला की भेगा पडून पोपडे निघतात. चुना ओला असताना पारदर्शक असतो आणि वाळता वाळता पांढरा होतो. तेव्हा धीर धरा. एका दाट हातापेक्षा तीन पातळ हात चांगले.

पहिला हात निळीचा द्या. चुन्यात चिमूट चिमूट नीळ घालीत जा. नीळ भुकटीची घ्यावी. बाटलीतली पातळ नीळ कपड्यांपुरती ठीक, चुन्यात आणि उन्हात तिचा भरवसा नाही. ओल्या रंगापेक्षा वाळलेला पुष्कळ फिका दिसतो, म्हणून आधी खापरीच्या तुकड्यावर लावून, वाळवून पाहावा. निळीऐवजी गेरू किंवा पिवडी चालेल. त्या मातीच्याच जातीच्या. त्यांचा रंग लोखंडाच्या गंजापासून आलेला. चुन्याने तो बिघडत नाही, उन्हाने विटत नाही. कोकणात आणि गोव्यात जुन्या देवळांच्या भिंतींवर चुना आणि तांबडी काव यांचे नक्षीकाम दिसते. तिथेही वरचा तांबडा थर खरवडून खालचा पांढरा उघडा केलेला असतो. आपली युक्ती त्याच घराण्यातली म्हणा ना!

पहिला हात दिवसभर सावलीत वाळू द्या. मग एक साधी पांढरी मेणबत्ती घ्या आणि जिथे रंग झिजलेला दाखवावयाचा असेल तिथेच हलकेच फिरवा. आता कुंडीवर पाण्याचा हलका हबका मारा आणि वरून पांढऱ्या चुन्याचे दोन पातळ हात द्या. दोन हातांमध्ये चार-सहा तास जाऊ द्या. मेणावर चुना धरत नाही. दुसऱ्या दिवशी काथ्याने किंवा दमट फडक्याने त्या जागा पुसल्या, की पांढरा निघून निळा दिसतो, आणि जरा जोर केला तर मूळची तांबडी मातीही डोकावते. मेण बेताने वापरा. सगळ्या कुंडीला फासले तर तिची छिद्रे पुन्हा बुजली.

पुसण्याची वेळ महत्त्वाची आहे. चुना लावल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत सहज पुसला जातो. पुढे तो हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन हळूहळू चुनखडीसारखा दगड होत जातो. म्हणजे आपली नक्षी आधी, मग त्याचे दगड होणे. त्या दगड होण्यालाही थोडी ओल लागते. म्हणून पुसून झाल्यावर आठवडाभर कुंडी सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ पाण्याचा बारीक फवारा मारावा.

आता एक गोष्ट सांगते, जी मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही. मी पहिली कुंडी अशी तयार करून सासूबाईंना दाखवली. काठ मी गोल फिरून सगळीकडून सारखा घासला होता. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, “काठ असा चहूकडून झिजत नाही गं. तांब्या आपण एकाच बाजूने टेकवतो.” मग तडकलेली तुळशीची कुंडी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. खरेच की! ज्या बाजूने त्या तीस वर्षे पाणी घालीत आल्या, तिथला काठ गुळगुळीत आणि उघडा. तिथून खाली पाण्याच्या ओघळाची मळकट रेघ. उन्हाची बाजू फिकी, भिंतीकडची गडद आणि शेवाळलेली. तळाशी बोटभर पट्टा मातीच्या शिंतोड्यांनी तांबूस झालेला. पोटाला दोन्ही बाजूंना एकेक झिजलेली जागा, उचलताना तळहात लागतो ती.

तेव्हा घासण्याआधी कुंडी कुठे राहणार, पाणी कुठून पडणार, ऊन कोणत्या बाजूला, हे ठरवा. झीज तिथेच दाखवा. बाकीच्या अंगाला हात लावू नका. सगळीकडे सारखी घासलेली कुंडी जुनी दिसत नाही, नुसती खरचटलेली दिसते. शेवटी बागेतली माती पाण्यात कालवून, त्यात चिमूटभर राख टाकून ते पाणी फडक्याने काठाखालच्या खाचेत आणि तळाच्या पट्ट्यावर लावून पुसून घ्या. चुन्याचा कोरा पांढरेपणा त्याने उतरतो.

शेवाळासाठी काही जण कुंडीला ताक फासतात. त्याने शेवाळ येतेच असे नाही. बुरशी आणि वास मात्र येतो. सावली आणि ओल असली की शेवाळ पावसाळ्यात आपले आपण येते.

काही पथ्ये सांगून संपवते. कुंडी आतून कधीच रंगवू नका. अनंतासारख्या आंबट माती आवडणाऱ्या झाडाला चुन्याची कुंडी देऊ नका. मातीत चुना उतरला की त्याची पाने पिवळी पडतात. त्याला नुसता गेरू पाण्यात कालवून द्या. घरातले जुने रंगाचे डबे खरवडकामासाठी काढू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१६ साली कडक नियम झाले. त्याआधीच्या डब्यात काय असेल सांगता येत नाही, आणि घासताना त्याचीच धूळ नाकात जाते. हे काम दसऱ्यानंतर काढा, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत चुन्याला घट्ट व्हायला सात-आठ महिने मिळतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर या कुंडीचा आणखी एक फायदा आहे. पांढरा चुना ऊन परतवतो, कुंडी कमी तापते आणि मुळांना तेवढाच थंडावा मिळतो.

आणि मुख्य म्हणजे, आपण फक्त सुरुवात करून द्यावयाची. पाणी, ऊन आणि लोणा पुढचे काम करतात. दोन वर्षांनी आपले कुठले आणि काळाचे कुठले, हे आपल्यालाही ओळखता येत नाही.

आमच्या गॅलरीत आता तशा सहा कुंड्या आहेत. मोगरा नवा लावला. तो धरला आहे. गेल्या कार्तिकात सासूबाईंनी तडकलेल्या कुंडीतली तुळस काढून त्यांतल्या एकीत स्वतःच्या हाताने लावली. लावताना त्यांनी कुंडी जराशी फिरवून घेतली. झिजलेला काठ, त्या पाणी घालायला उभ्या राहतात, त्या बाजूला आला.