मोठा बास कुठे गवसतो?

ट्रॉफी म्हणून मिरवावा असा लार्जमाऊथ बास मासा, म्हणजे आठ-दहा पौंडांच्या पुढचा, जवळजवळ नेहमी मादी असतो. नर पाच पौंडांच्या पुढे क्वचितच जातो. मादीला एवढे वजन धरायला बहुधा आठ-दहा वर्षे लागतात. म्हणून मोठा बास कुठे मिळेल याचे खरे उत्तर एकच: मादीला दहा वर्षे जगू दिले जाते तिथे.

दोडक्याच्या वेलावर एक टपोरे फळ बियाण्यासाठी राखतात आणि कुणी चुकून तोडू नये म्हणून त्याला चिंधी बांधतात. मोठी मादी म्हणजे ते राखलेले फळ. तलावाचे नियम ही चिंधी. जिथे चिंधी आहे आणि तिचा मान राखला जातो, तिथेच गळ टाकायला जावे.

अमेरिकेत फ्लोरिडाचा मान पहिला, कारण तिथल्या बासचा वाणच मोठा. ओकीचोबी सरोवर सुमारे 1,900 चौरस किलोमीटरचे, पण खोली सरासरी तीन मीटरही नाही. म्हणजे सगळे पाणगवत आणि ऊन. मासा भराभर वाढतो. या राज्यात दिवसाला पाच बास ठेवता येतात, पण 16 इंच किंवा त्याहून लांब एकच. 2012 पासूनच्या ट्रॉफीकॅच योजनेत आठ पौंड व त्यापुढच्या माशाची नोंद होते, मात्र तो जिवंत परत सोडलेला असेल तरच.

टेक्सासमधील लेक फोर्क हे धरणाचे पाणी. उभी झाडे तशीच ठेवून पाणी अडवले आणि त्यात फ्लोरिडाचा वाण सोडला. तिथे 16 ते 24 इंचांमधला प्रत्येक बास सोडावाच लागतो. नोव्हेंबर 1986 मध्ये तिथे 17.67 पौंडांची एथेल नावाची मादी मिळाली आणि ती राज्याच्या पैदास योजनेतील पहिली मादी ठरली. 13 पौंडांच्या पुढची मादी अंडी घेण्यापुरती उसनी द्यायची, अशी ही योजना. बियाण्याचे फळ म्हणतात ते हेच. राज्याचा 18.18 पौंडांचा विक्रम जानेवारी 1992 मध्ये याच पाण्यात झाला.

कॅलिफोर्नियातले डिक्सन लेक अगदी लहान. पण फ्लोरिडाचा वाण 1959 मध्ये त्या भागात आला आणि तलावात सोडलेले ट्राउट त्याला आयते खाद्य मिळाले. 2003 मध्ये तिथे 21 पौंड 11 औंसांची मादी पकडून सोडली गेली. मार्च 2006 मध्ये 25 पौंड 1 औंसाची मादी हाती लागली. कल्ल्याखालच्या काळ्या ठिपक्यावरून ती तीच, डॉटी नावाने ओळखली जाणारी मादी, असे मानले जाते. गळ तोंडात नव्हे, अंगात अडकला होता, म्हणून विक्रमाचा दावा न करता तिला पुन्हा सोडले. पहिल्या वेळीच कढईत गेली असती तर पंचवीस पौंड कुणाला दिसले असते? मोठा मासा सोडलेल्या माशातूनच होतो.

मेक्सिकोच्या एल साल्तो जलाशयात टिलापिया खाऊन बास फुगतो.

जागतिक विक्रम जॉर्ज पेरी यांचा: 2 जून 1932, जॉर्जियातील माँटगोमेरी लेक, 22 पौंड 4 औंस. 2 जुलै 2009 रोजी मानाबू कुरिता यांनी जपानच्या बिवा सरोवरात किंचित जड मासा धरला, पण आवश्यक तेवढा फरक नसल्याने दोघांची बरोबरी मानली गेली. बिवात मात्र नियम उलटा आहे. बास तिथे परका, स्थानिक माशांना खाणारा. पकडलेला पुन्हा पाण्यात सोडायला बंदी आहे. वेल आपल्या वाफ्यातच राखायचा, शेजाऱ्याच्या शेतात घुसलेला नव्हे.

तलावात गेल्यावर गवताची कड, बुडालेली झाडे आणि उथळ पाणी जिथे एकदम खोल होते तो काठ पाहावा. अंडी घालण्याआधी मादी याच जागी थबकते. फ्लोरिडात जानेवारी ते मार्च, टेक्सासमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल हा सर्वांत भरीचा काळ. नेमकी तेव्हाच ती गाभोळीने भरलेली असते.

अशी मादी खालच्या जबड्याला धरून उभी लोंबकळत ठेवून फोटो काढतात, हे वागणे बरे नाही. सगळे ओझे जबड्यावर येते. हात आधी ओले करावेत, एक हात जबड्याला, दुसरा पोटाखाली, मासा आडवा. वजन झाले की लगेच पाण्यात धरावे, कल्ले हलू लागेपर्यंत. शेपटीचा फटका मारून ती आपणहून निसटली की हात मागे घ्यावा.