वीज परत येते तेव्हा



वीज गेली की संकट आले आणि ती परतली की संकट टळले, असा समज खेड्यापाड्यांत रूढ आहे. घरातील उपकरणांच्या बाबतीत वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते. वीज नसताना पंखा नुसता थांबतो. तो जळतो वीज जाता-जाता, किंवा ती परत येते त्या क्षणी. अंधाराविरुद्ध निवेदने पुष्कळ दिली गेली. उजेडासोबत येणाऱ्या या हानीकडे मात्र चळवळीचे फारसे लक्ष गेलेले नाही.

परभणी जिल्ह्याला वीज अपरिचित नाही. जिंतूर तालुक्यात येलदरी धरणाच्या पायथ्याशी 22.5 मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. सोनपेठ तालुक्यातील खडका बंधाऱ्यातून गोदावरीचे पाणी शेजारच्या परळीच्या औष्णिक केंद्राकडे गेले. फेब्रुवारी 2013 मध्ये पाण्याअभावी ते केंद्र बंद करावे लागले, तेव्हा दुष्काळ आणि अंधार यांचे नाते सर्वांनाच उमगले. त्याआधी 2005 ते 2012 या काळात ग्रामीण महाराष्ट्राने तासन्‌तास भारनियमन सोसले. ज्या वाहिनीवर गळती आणि थकबाकी जास्त, तिच्यावर अंधारही जास्त, असा तो हिशेब होता. नियमाने बिल भरणाराही शेजाऱ्याच्या थकबाकीपायी काळोखात बसला. पण भारनियमनाची निदान वेळ ठरलेली असे. वैशाखातल्या वादळात खांब वाकला किंवा भर उन्हाळ्यात डीपी जळाली, तर वीज कोणत्या क्षणी आणि किती दाबाने परतेल, हे कोणीही सांगू शकत नाही.

घरात 230 व्होल्टच्या आसपास दाब अपेक्षित असतो. तो फार उतरला की दिवा मंदावतो. परंतु फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा पाण्याची मोटर मंदावून भागत नाही. ती सुरू होण्याची धडपड करते, जास्त प्रवाह ओढते, तापते आणि अखेर वाइंडिंग जळते. त्याहून घातक प्रकार न्यूट्रलची तार तुटण्याचा. रोहित्रातून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतात. दोन फेजमधील दाब 400 व्होल्टच्या घरात असतो. न्यूट्रल तुटली की वेगवेगळ्या फेजवरील घरे एका माळेत ओवल्यासारखी होतात, आणि ज्या फेजवर भार कमी, तिथल्या घरांत दाब भलताच चढतो. जास्त वीज वापरणारे बचावतात आणि एक दिवा, एक टीव्ही एवढाच संसार असलेल्यांचे नुकसान होते, असाही प्रसंग त्यातून उद्भवतो. काही घरांत दिवे एकाएकी लखलखू लागले आणि काहींत मिणमिणू लागले, तर त्याच क्षणी मेन स्विच बंद करावा. पुढची चौकशी नंतर.

आता ऑटो स्विचविषयी. शेतीची वीज पाळीपाळीने, अनेकदा मध्यरात्री मिळत आली. रात्री दोन वाजता विंचू-काट्यातून विहिरीवर जाण्यापेक्षा शेतकरी पंपाला ऑटो स्विच बसवतो. त्यात त्याचा दोष काय? मात्र वीज परतताच त्या डीपीवरील सगळे पंप एकदम सुरू होतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. दाब कोसळतो, कधी रोहित्रच जळते, आणि त्याच वाहिनीवरील आखाड्यांवर राहणाऱ्या कुटुंबांच्या उपकरणांना त्याचा फटका बसतो. स्टॅबिलायझरचीही कथा फारशी वेगळी नाही. ज्याला परवडतो तो घेतो. दाब उतरला असता तो तारेतून अधिक प्रवाह ओढून आपल्या घरचा दाब सावरतो, आणि त्याच तारेच्या शेवटी असलेल्या झोपडीतला दाब आणखी उतरतो. ज्याने-त्याने आपापले पाहावे, या तत्त्वाचे यापेक्षा स्वच्छ प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल. प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींच्या शीतपेटीला शासन स्वतंत्र स्टॅबिलायझर पुरवते. धोका शासनाला ठाऊक आहे, असाच त्याचा अर्थ. पण हप्त्याने घेतलेल्या फ्रिजमध्ये मधुमेही म्हातारीचे इन्सुलिन असते, त्याची काळजी कोणी करायची?

तोवर घरात करता येण्याजोगे थोडे आहे, आणि ते बिनखर्चाचे आहे. वीज जाताच फ्रिज, टीव्ही, मोटर यांचे स्विच बंद करून प्लग काढावेत. एक दिवा तेवढा चालू ठेवावा. वीज आल्यावर तो दिवा पाच मिनिटे स्थिर जळला, तरच एकेक उपकरण लावावे. फ्रिजला तर ही पाच मिनिटे हवीतच, कारण त्याच्या नळ्यांतला वायूचा दाब समान झाल्याशिवाय कॉम्प्रेसर नीट सुरू होत नाही. तो नुसता गुणगुणत राहिला तर तत्काळ बंद करावा. फ्यूजमध्ये तांब्याच्या जाड तारेचा पीळ घालणे म्हणजे पहारेकऱ्याचे हातपाय बांधणे होय. एमसीबी बसवली म्हणजे सर्व सुरक्षित, हाही भ्रम आहे. ती जादा भार आणि शॉर्टसर्किट रोखते, चढलेला दाब रोखत नाही. त्यासाठी दाब चढता-उतरताच पुरवठा तोडणारे वेगळे उपकरण जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावे लागते. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, तेव्हा घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जावे. विजा कडाडू लागण्यापूर्वी प्लगबरोबर डिशची केबलही काढावी.

परंतु रोहित्राचे अर्थिंग, न्यूट्रलचे सांधे आणि तीन फेजवरील भाराची समान वाटणी या गोष्टी कोणा गृहस्थाच्या हातातल्या नाहीत, आणि त्याने डीपीला हात लावूही नये. हे काम वितरण कंपनीचे आहे. 1960 मध्ये स्थापन झालेल्या वीज मंडळाचे 2005 मध्ये विभाजन होऊन वितरण महावितरणकडे आले. खांबावरच्या तारेची जबाबदारी त्यामुळे नाहीशी झाली नाही. 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 57 अन्वये पुरवठ्याची मानके पाळली गेली नाहीत तर बाधित ग्राहकाला भरपाई मागता येते. कलम 42 ने तक्रार निवारण मंच दिला आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे.

तेथे एकट्याचा तोंडी गाऱ्हाण्याचा सूर टिकत नाही. म्हणून शाखांनी डीपीवार वही ठेवावी: वीज गेली कधी, आली कधी, दिवे लखलखले की मंदावले, कोणत्या घरी काय जळले, दुरुस्तीची पावती कोठे आहे. एकाच रात्री एकाच डीपीवरील अनेक घरांतली उपकरणे जळाली असतील, तर दोष घरातल्या वायरिंगचा आहे, असे म्हणणे कार्यालयाला अवघड जाते. लेखी अर्ज सर्वांच्या सह्यांनी द्यावा आणि पोच घ्यावी. ऑटो स्विच काढण्यास शेतकऱ्यांना सांगायचे असेल, तर त्याच अर्जात दिवसा वीज आणि वाढीव क्षमतेचे रोहित्र यांची मागणी असली पाहिजे. एरवी तो उपदेश ऐकून घेण्याचे त्यांना कारण नाही. आणि हे सारे मृगापूर्वी व्हावे; पाऊस सुरू झाला की खांबावर चढायला माणूस मिळत नाही.