साखरेचा आकडा आणि मनाचं सस्पेन्स खातं

(जागतिक मधुमेह दिनी, १४ नोव्हेंबरला, आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली आणि बावीस वर्षं मधुमेहाबरोबर काढतो आहे. औषधांबद्दल ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी सांगावं. मला बोलायचंय ते लॅबचं पाकीट उघडताना पोटात गोळा येतो त्याबद्दल.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. एवढे सोबती असूनही माणूस या दुखण्यात एकटा पडतो. गोळी घेतली का, चालायला गेलात का, भात किती वाढून घेतला... या खात्याला बँक हॉलिडे नाही. त्यातून येणारा कंटाळा, धास्ती, अपराधी वाटणं याला डॉक्टर लोक 'डायबिटीस डिस्ट्रेस' म्हणतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली तो मोजायला एक प्रश्नावलीच तयार केली. म्हणजे हे आपल्या मनाचे खेळ नाहीत, बरं का.

मला दोन वर्षांपूर्वी इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की वर्षानुवर्षं चालणाऱ्या या आजारात स्वादुपिंडाची ताकद हळूहळू कमी होते, पथ्य नीट पाळणाऱ्यालाही इन्सुलिन लागू शकतं. डोक्याला पटलं. मनाला मात्र परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटत राहिलं. घरी कोणाला बोललो नाही. बँकेत ज्या नोंदीचा मेळ लागत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकायचो. तात्पुरतं बरं वाटतं, पण ते खातं फुगत गेलं की ऑडिटर विचारणारच! मनाचंही तेच होतं. दाबलेली भीती कुठून तरी निघते. कोणी साखर तपासणंच बंद करतो, कोणी घरच्यांवर खेकसतो, कोणी रात्री फ्रीज उघडतो. शिवाय ताण वाढला की शरीरात कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन वाढतात आणि त्यांनीही साखर चढते.

यावर दोन वाटा अभ्यासल्या गेल्या आहेत. एक सजगतेची. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा वर्ग सुरू केला. त्याची मुळं बौद्ध ध्यानात आहेत, म्हणजे माहेर आपल्याकडचंच. दुसरी वाट स्वीकाराची, मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी मांडलेली. नकोशी भावना आहे तशी आपल्या खाती नोंदवायची, तिच्याशी झोंबत बसायचं नाही, आणि आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं ते काम तिला सोबत घेऊनच करायचं. 'आता काय, नशिबात आहे' म्हणून जिलेबीचं ताट ओढणं याला मी स्वीकार म्हणत नाही.

याने साखर उतरते का? खरं ते सांगतो. २००७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात टाईप टूच्या ८१ रुग्णांचे दोन गट केले. एकाला एका दिवसाच्या वर्गात फक्त मधुमेहाची माहिती दिली, दुसऱ्याला माहितीबरोबर स्वीकाराचं शिक्षण. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटातल्या जास्त जणांची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, योग्य मर्यादेत होती. उलट नेदरलँड्समध्ये १३९ जणांवर केलेल्या सजगतेच्या अभ्यासात ताण आणि चिंता कमी झाल्या, पण एचबीए१सीमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. तेव्हा ध्यानाने मधुमेह बरा होतो असं कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलं तर पुढे ढकलू नका. मन हलकं झालं हाच माझ्या मते पुरेसा नफा आहे.

मी काय करतो ते सांगतो. बोट टोचण्याआधी खुर्चीत टेकून बसतो, पाय जमिनीला लागलेत ते जाणवू देतो, तीन सावकाश श्वास. आकडा २१० आला आणि मन म्हणालं 'संपलं सगळं', तर मनातच वाक्य बदलतो: 'संपलं सगळं, असा विचार मला आत्ता येतो आहे.' हसू नका, फरक पडतो! विचार समोरच्या बाकावर जाऊन बसतो. मग वहीत २१० लिहितो आणि चप्पल घालतो. नातीला शाळेच्या बसपर्यंत स्वतःच्या पायांनी सोडायचं आहे, त्यासाठी चालायचं. त्या दिवशी उत्साह असो वा नसो.

एक महत्त्वाचं. हातपाय थरथरले, दरदरून घाम सुटला तर श्वास मोजत बसू नका. साखर उतरलेली असू शकते. शुद्धीवर असाल तर आधी साखर किंवा ग्लुकोज तोंडात टाका. आणि उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना सांगाच. तिथे माझं भाषण पुरणार नाही.

सुनांनो, मुलांनो, तुम्हालाही एक विनंती. गणपतीत आजोबांनी अर्धा मोदक घेतला की पंगतीत सगळ्यांसमोर 'बाबा, शुगर!' म्हणून ओरडू नका. काळजी कळते हो, पण माणूस मग चोरून खायला लागतो. 'आज कसं वाटतंय?' एवढं विचारा.

येत्या गुरुवारपासून संध्याकाळी सहा वाजता कट्ट्यावर पंधरा मिनिटं शांत बसायचं ठरवतो आहोत. सतरंजी क्लब हाऊसमध्ये आहे, गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडू. नियम एकच, कोणी कोणाला आकडा विचारायचा नाही.