अर्धशिशी आणि त्वचेवाटे औषधोपचार



डोके दुखू लागले की कपाळास काही तरी लावावे, ही आपल्याकडील घरोघरची जुनी चाल आहे. कोणी सहाणेवर सुंठ उगाळतो, कोणी चंदनाचा लेप देतो, कोणी बामाची बाटली शोधतो. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ साली मुंबईत सुरू केलेल्या अमृतांजनाची पिवळी बाटली तर कित्येक पिढ्यांच्या परिचयाची आहे. या सर्व उपायांमागे एक समज दृढ झालेला आढळतो. पोटात घ्यावयाचे औषध जपून घ्यावे, बाहेरून लावावयाच्या औषधास मात्र भय नाही, असा तो समज होय. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

अर्धशिशी ही साधी डोकेदुखी नव्हे. बहुधा डोक्याच्या एका बाजूस ठणका लागतो, उजेड व आवाज सहन होत नाही, मळमळते, उलट्या होतात. उपचार न झाल्यास हा त्रास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण दुपटी-तिपटीने अधिक आहे. अशा वेळी जठराचे कार्य मंदावते. त्यामुळे गिळलेली गोळी तेथेच पडून राहते किंवा उलटीवाटे बाहेर पडते. औषध हाताशी असूनही उपयोगी पडत नाही, ही रोग्याची खरी अडचण. पोटाला वळसा घालून रक्तात औषध पोहोचविण्याचा विचार यातूनच पुढे आला.

परंतु त्वचा ही शरीराची तटबंदी आहे. तिचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा पातळ थर बहुतेक पदार्थांना आत शिरू देत नाही. ज्याचे कण सूक्ष्म आहेत, जे स्निग्ध पदार्थांत मिसळते आणि ज्याची मात्रा अत्यल्प पुरते, असेच औषध त्यातून पार होते. धोतऱ्याच्या कुळातील वनस्पतींत सापडणारे स्कोपोलामिन हे असे एक औषध होय. प्रवासात होणाऱ्या ओकाऱ्यांवर, कानामागे चिकटवावयाची त्याची पट्टी अमेरिकेत १९७९ साली मान्य झाली. ती तीन दिवस काम करते. मात्र ती हाताळून तोच हात डोळ्यास लागला तर बाहुली विस्फारते व दृष्टी धूसर होते. बाहेरून लावावयाचे औषध किती प्रभावी असू शकते, याचा एवढा दाखला पुरे.

अर्धशिशीवर दिले जाणारे सुमाट्रिप्टान हे औषध आपण होऊन त्वचेतून पुरेसे जात नाही. म्हणून पट्टीत बॅटरी बसवून सौम्य विद्युत्प्रवाहाने ते आत ढकलण्याची युक्ती योजण्यात आली. सारखे विद्युत्‌भार एकमेकांस दूर लोटतात, या नियमावर ती आधारलेली आहे. दंडावर किंवा मांडीवर लावलेली ही पट्टी चार तासांत सुमारे साडेसहा मिलिग्रॅम औषध शरीरात सोडी. ‘झेक्युइटी’ नावाच्या या पट्टीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०१३ मध्ये मान्यता दिली आणि २०१५ च्या सप्टेंबरात ती बाजारात आली. पुढे काही रोग्यांची त्वचा भाजल्याच्या व कायमचे व्रण राहिल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. जून २०१६ मध्ये तिची विक्री थांबविण्यात आली. त्यानंतर सूक्ष्म सुयांच्या पट्टीतून झोल्मिट्रिप्टान देण्याचा प्रयत्न झाला, पण त्या पट्टीस २०२० साली मान्यता नाकारण्यात आली. कल्पना उत्तम असली तरी तिला रोग्याच्या कातडीवरच कसोटीस उतरावे लागते. गोळी ज्यांच्या पोटात ठरत नाही, त्यांच्यासाठी त्वचेखाली टोचावयाचे किंवा नाकात फवारावयाचे औषध आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे असते. हृदयविकार, पक्षाघात अथवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांना तर ही औषधे वर्ज्यच होत.

आता पुन्हा बामाकडे वळू. त्यातील पुदिन्याच्या अर्कामुळे थंडावा वाटतो व ठणक्यावरून लक्ष हटते. हा आराम खोटा नव्हे, तथापि त्याने अर्धशिशीचे मूळ जात नाही. बाम चोळून त्यावर फडके घट्ट आवळणे आणि वर तव्यावर तापविलेल्या कापडाचा शेक देणे, ही आपल्याकडील सवय मात्र सोडावयास हवी. याने कातडी भाजते. अनेक बामांत मिथिल सॅलिसिलेट असते व ते रक्तात उतरते. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी असा बाम वारंवार चोळू नये. तान्ह्या मुलांच्या नाकाजवळ कापूरमिश्रित बाम मुळीच लावू नये.

वेदनाशामक साधी गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अथवा ट्रिप्टान वर्गातील औषध दहा किंवा अधिक दिवस, असे महिनोन्‌महिने घेत राहिल्यास औषधामुळेच डोके दुखू लागते. आणि डोके एकाएकी असह्य दुखू लागले, बोलणे अडखळले, हातापायातील शक्ती गेली, तापाबरोबर मान ताठरली, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असा त्रास सुरू झाला, तर लेप उगाळीत बसू नये. रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.